कुलाब्याची नोंदवही आणि विमानातला संगणक

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी ‘एअरबस’ या युरोपीय विमान कंपनीने जगभरच्या विमान कंपन्यांना एक तातडीची सूचना पाठविली आणि देशोदेशीच्या विमानतळांवर प्रवाशांचा खोळंबा झाला. ए-३२० घराण्यातील सुमारे सहा हजार विमानांतील एका संगणकाची दुरुस्ती केल्याखेरीज ती विमाने उडवू नयेत, असा त्या सूचनेचा आशय होता. भारतातही तीनशेहून अधिक विमानांना ती लागू पडली. या सूचनेमागे ३० ऑक्टोबरची एक घटना होती. मेक्सिकोतील कान्कूनहून अमेरिकेतील न्यूअर्ककडे निघालेल्या एका विमानाने वैमानिकाची आज्ञा नसताना अचानक नाक खाली केले. काही प्रवासी जखमी झाले आणि विमान फ्लॉरिडातील टॅम्पा येथे उतरवावे लागले. तीव्र सौर प्रारणामुळे उड्डाण-नियंत्रक संगणकातील माहिती बिघडू शकते, असा निष्कर्ष कंपनीने या घटनेच्या तपासणीनंतर जाहीर केला.

पंधरा कोटी किलोमीटर अंतरावरील सूर्याने एका विमानाचे नाक खाली दाबावे, ही कल्पना सामान्य वाचकाला अद्‌भुत वाटली तर नवल नाही. परंतु त्याच सूर्याचे अधिक मोहक रूप जगाने दीड वर्षापूर्वीच पाहिले होते. १० आणि ११ मे २०२४ च्या रात्री युरोप-अमेरिकेतील कोट्यवधी लोक अंगणात येऊन हिरव्या-तांबड्या ध्रुवीय प्रकाशाचे दर्शन घेत होते. लडाखमधील हानले येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर असलेल्या भारतीय खगोलीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावरची तांबूस आभा टिपली. एका घटनेत सूर्य चित्रकार ठरला आणि दुसरीत आरोपी. दोन्ही बातम्या लोकांनी नवलाच्या सदरात वाचल्या आणि सोडून दिल्या. प्रत्यक्षात त्यांच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. संगणकावर विसंबून चालणाऱ्या समाजात एखादी गोष्ट बिघडली म्हणजे दोष कोणाचा, आणि तो शोधायचा कसा, हा तो प्रश्न होय.

प्रथम विज्ञानाची बाजू पाहणे इष्ट ठरेल. सूर्याच्या बाह्य प्रभामंडलातून कधीकधी विद्युत्‌भारित द्रव्याचे प्रचंड लोट उसळतात. त्यांतील एखादा लोट चुंबकीय क्षेत्रासह पृथ्वीवर येऊन आदळला, की पृथ्वीचे चुंबकीय कवच हादरते. या धक्क्याने वेग घेतलेले इलेक्ट्रॉन ध्रुवांच्या बाजूने वातावरणात उतरतात आणि तेथील अणुरेणूंना चेतवितात. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनमुळे हिरवा, दोनशे किलोमीटरच्या वरच्या विरळ ऑक्सिजनमुळे तांबडा आणि नायट्रोजनमुळे निळा-जांभळा रंग उमटतो. लडाखहून केवळ तांबडी छटा दिसते. दूर उत्तरेकडच्या प्रकाशाचा खालचा भाग पृथ्वीच्या गोलाईआड जातो आणि वरचा कळस तेवढा क्षितिजावर डोकावतो, हे त्याचे कारण.

विमानातील संगणकाला बाधा करणारे कण मात्र निराळे. ते कितीतरी अधिक शक्तिमान असतात. काही सूर्याकडून येतात, तर बरेचसे सूर्यमालेच्याही पलीकडून येणाऱ्या विश्वकिरणांचे असतात. वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळून ते न्यूट्रॉनसारखे दुय्यम कण निर्माण करतात. विमाने ज्या उंचीवरून उडतात तेथे अशा कणांचा मारा भूपृष्ठापेक्षा शेकडो पटींनी अधिक असतो. संगणकाची स्मृती म्हणजे शून्य आणि एक या दोन अंकांची अतिसूक्ष्म कोठारे. एखादा कण नेमका तेथे आदळला, तर शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होतो. यंत्र मोडत नाही आणि जळतही नाही. ते निमूटपणे चुकीची संख्या खरी मानून पुढे चालते.

अशी एक चूक बेल्जियममध्ये थेट लोकशाहीच्या दारात येऊन उभी राहिली होती. १८ मे २००३ च्या निवडणुकीत ब्रुसेल्सजवळच्या स्खारबेक या भागात एका उमेदवाराला ४,०९६ मते अधिक पडल्याचे संगणकाने दाखविले. ती संख्या शक्यतेच्या कोटीत बसत नव्हती म्हणूनच ती ध्यानात आली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. द्विमान पद्धतीने लिहिलेल्या संख्येत तेरावे स्थान शून्याचे एक झाले, तर नेमकी एवढीच वाढ होते. आज्ञावली तपासली, यंत्र तपासले, दोष सापडला नाही. अखेरीस स्मृतीतील एक अंक आपोआप उलटला असावा, असे अनुमान तज्ज्ञांनी काढले. यातील महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. प्रत्येक मतदाराचे मत त्याच्या चुंबकीय कार्डावर स्वतंत्रपणे नोंदलेले होते. ती कार्डे पुन्हा मोजली गेली आणि खरी संख्या हाती आली. यंत्राची चूक दुसऱ्या नोंदीमुळे उघडी पडली आणि त्या नोंदीनेच ती दुरुस्तही केली.

इतके मान्य केल्यावर एक सावधगिरीचा इशारा देणे भाग आहे. सूर्य हा फार सोयीचा आरोपी आहे. तो न्यायालयात येत नाही, नुकसानभरपाई देत नाही आणि स्वतःची बाजूही मांडीत नाही. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी सूर्य काही विशेष खवळलेला नव्हता, असे काही अभ्यासकांनी लगोलग निदर्शनास आणले. त्यांच्या मते कण असलाच तर तो दूरच्या विश्वकिरणांतील असावा. ते काहीही असो. बहुतेक विमानांवरील उपाय पाहिला म्हणजे मूळ दोषाचे ठिकाण कळून येते. आधीची जुनी आज्ञावली पुन्हा बसविणे हाच तो उपाय होता. जुनी आज्ञावली त्याच आकाशाखाली आणि त्याच किरणांच्या माऱ्यात वर्षानुवर्षे काम करीत होती. याचा अर्थ एवढाच, की कण हे निमित्त होते आणि उणीव नव्या आज्ञावलीत होती. आकाशातून चुकीचा अंक येणार हे गृहीत धरून तो ओळखण्याची आणि टाकून देण्याची व्यवस्था करणे हे माणसाचे काम. विमानाच्या बाबतीत ही चूक मान्य झाली, जाहीर झाली आणि थोड्या दिवसांत दुरुस्त झाली, ही समाधानाची बाब होय.

सूर्याचा काडीइतकाही संबंध नसताना काय घडू शकते, याचा धडा १९ जुलै २०२४ रोजी मिळाला होता. ‘क्राउडस्ट्राइक’ या अमेरिकी कंपनीने आपल्या संरक्षक आज्ञावलीसाठी एक लहानशी फाईल जगभर एकदम पाठविली. आज्ञावलीला वीस गोष्टी पुरविल्या जात होत्या आणि नवी फाईल एकविसावी मागत होती. एवढ्या विसंगतीपायी सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमाने रद्द झाली, रुग्णालयांतील शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या आणि भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास देण्यात आले. सदोष फाईल कंपनीने ७८ मिनिटांत मागे घेतली. परंतु कोसळलेले संगणक एकेक करून हाताने उभे करण्यात कित्येक दिवस गेले. नवी गोष्ट आधी थोड्या ठिकाणी वापरून पाहावी आणि मगच सर्वत्र न्यावी, हा कोणत्याही शहाण्या गृहस्थाला ठाऊक असलेला नियम येथे पाळला गेला नव्हता. यापुढे तो पाळू, असे कंपनीला नंतर सांगावे लागले.

तथापि, याहूनही एक भयंकर प्रकार आहे. तो चुकीचा नसून चूक नाकारण्याचा आहे. ब्रिटनच्या टपाल खात्याने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणकीय व्यवस्था आपल्या शाखांत बसविली. फुजित्सू या कंपनीने ती तयार केली होती. गावोगावच्या शाखा चालविणाऱ्या उपडाकपालांच्या हिशेबात तूट दिसू लागली. ती भरून काढा, नाहीतर खटल्याला तोंड द्या, असे त्यांना सांगण्यात आले. नऊशेहून अधिक माणसे दोषी ठरली. काही तुरुंगात गेली, कित्येकांची दिवाळी निघाली, आणि गावात मानाने वावरलेल्या माणसांवर चोरीचा शिक्का बसला. पैसे कोणी चोरले नव्हते. हिशेब ठेवणारे यंत्रच चुकत होते. तक्रार करणाऱ्या अनेकांना, असा त्रास तुम्हा एकट्यालाच होतो आहे, असे उत्तर मिळे. संगणक नीट चालत असल्याचे सिद्ध करण्याची जी अट पूर्वी ब्रिटिश कायद्यात होती, ती याच सुमारास काढून टाकण्यात आली होती. त्यामुळे यंत्र खरे आणि माणूस खोटा, हे गृहीतच धरले गेले. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने या व्यवस्थेतील दोष मान्य केले, एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांना निर्दोष ठरविले आणि अखेर मे २०२४ मध्ये पार्लमेंटला कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या. ज्या महिन्यात ब्रिटिश जनता आकाशातील रंग पाहत होती, त्याच महिन्यात तिच्या पार्लमेंटने हा डाग धुण्याचा प्रयत्न केला, हा एक विचित्र योगायोग. दरम्यान कित्येक माणसे न्याय पाहण्यापूर्वीच जग सोडून गेली होती.

भारताने या प्रकरणाकडे परक्याच्या घरची भानगड म्हणून पाहू नये. येथे संगणकीय नोंद पुरावा म्हणून सादर करताना यंत्र नीट चालत होते असे प्रमाणपत्र द्यावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही तरतूद आहे आणि ती स्वागतार्हच आहे. परंतु प्रमाणपत्रावरची सही आणि यंत्राची खरीखुरी तपासणी यांत अंतर असते. रेशन, निवृत्तिवेतन, बँकेची देवघेव, परीक्षेचे गुण आणि जमिनीचा सातबारा हे सारे जेव्हा संगणकाच्या पडद्यावर अवलंबून असते, तेव्हा ‘सिस्टिममध्ये नाव नाही’ हे तीन शब्द एखाद्या वृद्धेचे महिन्याचे धान्य थांबवू शकतात. खिडकीपलीकडचा कारकून त्यावर काही करू शकत नाही आणि खिडकीअलीकडच्या माणसाजवळ दाखवायला दुसरा कागद उरलेला नसतो. स्खारबेकची चूक दुसऱ्या नोंदीमुळे एका निवडणुकीतच सापडली. ब्रिटिश उपडाकपालांच्या हाती यंत्राला खोटे ठरवील अशी दुसरी नोंद नव्हती, म्हणून तिथे वीस वर्षे गेली. दोन्ही प्रकरणांतील भेद नेमका येथे आहे.

दुसरी नोंद ठेवण्याचे महत्त्व महाराष्ट्राला कोणी नव्याने शिकवावे असे नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची इमारत १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने उभारली आणि १८४० च्या दशकात तेथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे नियमित मापन सुरू झाले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ या वेधशाळेचे काम पाहिले होते आणि गणिती केरो लक्ष्मण छत्रे हेही तरुणपणी तेथे नोकरीस होते. सामान्य दिवशी दर तासाला आणि सुई चळू लागली की पंधरा किंवा पाच मिनिटांनी, दुर्बिणीतून पाहून आकडा लिहायचा, असा तेथील कामाचा क्रम असे. त्यात ना कीर्ती होती ना रंजन. त्या आकड्यांचा पुढे काय उपयोग होईल, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नव्हते.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन याने सौर डागांचे चित्र काढीत असताना सूर्यावर एक लखलखाट पाहिला. रिचर्ड हॉजसन यानेही तो स्वतंत्रपणे पाहिला. त्यानंतर साडेसतरा तासांनी पृथ्वीवर इतिहासात नोंदलेले एक अतिप्रचंड चुंबकीय वादळ थडकले. क्यूबासारख्या उष्ण कटिबंधातील प्रदेशांतही ध्रुवीय प्रकाश दिसला. बॉस्टन आणि पोर्टलंड येथील तारवाल्यांनी आपल्या बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि केवळ त्या वादळाने तारांत उत्पन्न केलेल्या प्रवाहावर संदेश पाठविले. अनेक वेधशाळांतील उपकरणांच्या मोजपट्ट्या या वादळापुढे अपुऱ्या पडल्या. कुलाब्यात मात्र सुईची उडी लिहिली गेली. चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली आला होता. मे २०२४ च्या वादळाचा जागतिक निर्देशांक चारशेच्या आसपास होता, एवढे सांगितले म्हणजे तुलना ध्यानात येईल. एका ठिकाणच्या तत्कालीन वाचनाची जागतिक, तासाच्या सरासरीशी सरळ तुलना करता येत नाही आणि कुलाब्याच्या आकड्यांचीही तासाची सरासरी काढली की तो आकडा बराच खाली येतो, हे खरे आहे. तरीही १८५९ चे वादळ कितीतरी मोठे होते, यात शंका राहत नाही. २००३ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखीना, सोबना ॲलेक्स आदी संशोधकांनी या नोंदी जगापुढे मांडल्या. त्या दिवशी कोणी कंटाळून वही मिटली असती, तर शास्त्राला या वादळाच्या एका मोलाच्या मापाला मुकावे लागले असते.

याच वेधशाळेचा दुसरा धडा अधिक व्यवहारी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय सुया बिघडणार हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी ट्राम धावू लागण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी अलिबागची जागा निवडली आणि लोहाचा अंश नसलेल्या दगडात तेथे नवी वेधशाळा उभारविली. १९०४ मध्ये तिचे काम सुरू झाले, परंतु जुनी वेधशाळा लगेच बंद करण्यात आली नाही. सुमारे दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग येथील नोंदी शेजारीशेजारी घेऊन ताडून पाहण्यात आल्या आणि मगच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबविले गेले. १९०७ मध्ये विजेच्या ट्राम धावू लागल्या तेव्हा नोंदींची साखळी अखंड होती. नवी व्यवस्था बसविताना जुनी लगेच मोडू नये, दोन्हींची उत्तरे जुळतात की नाही ते पाहावे, हा नियम एका वेधशाळेने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पाळला. २०२४ मध्ये तो धाब्यावर बसला तेव्हा ८५ लाख संगणक निजले.

सूर्याचा धोका खोटा आहे, असे येथे म्हणावयाचे नाही. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेकचे वीजजाळे चुंबकीय वादळाने सुमारे दीड मिनिटात कोसळले आणि साठ लाख लोक नऊ तासांच्या आसपास अंधारात राहिले. फेब्रुवारी २०२२ मधील एका साध्या वादळाने फुगलेल्या वातावरणाच्या घर्षणाने ‘स्टारलिंक’चे नुकतेच सोडलेले ४९ पैकी ३८ उपग्रह खाली ओढले गेले. मे २०२४ मध्ये अमेरिकेत उपग्रहांच्या इशाऱ्यावर पेरणी करणारे ट्रॅक्टर ऐन हंगामात शेतात थांबले. त्या वेळी वीजजाळ्यांच्या चालकांना पूर्वसूचना होती, त्यांनी काळजी घेतली होती आणि मोठा अंधार झाला नाही, ही गोष्ट मात्र विसरता कामा नये. भारत विषुववृत्ताकडे असल्याने त्याच्या तारांना कॅनडाइतकी भीती नाही. परंतु ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात मुंबईतूनही ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. म्हणजे मोठ्या वादळाला अक्षांशांची मर्यादा फारशी मानवत नाही. शिवाय आज देशाचे वीजजाळे एकसंध आहे आणि उपग्रहांवर दळणवळण, हवामान व दिशादर्शन अवलंबून आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले ‘आदित्य एल-१’ हे भारताचे यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर राहून सूर्याचे निरीक्षण करीत आहे. कुलाब्याच्या परंपरेला ते शोभणारेच आहे. परंतु यानाने पाठविलेला इशारा वीजकेंद्रातील अभियंत्यापर्यंत आणि विमानतळावरील अधिकाऱ्यापर्यंत पोचला पाहिजे आणि तो मिळाल्यावर काय करावयाचे हे त्याला आधीपासून ठाऊक असले पाहिजे. एरवी ते निरीक्षण ग्रंथालयाची शोभा होऊन राहील.

या साऱ्या घटनांकडे एकत्र पाहिले म्हणजे संकटाचे तीन प्रकार दिसतात. पहिले निसर्गाचे, ते टाळता येत नाही, पण त्याची तयारी करता येते. दुसरे माणसाच्या चुकीचे; ते पूर्णपणे टळत नाही, पण त्याची व्याप्ती आवरता येते. तिसरे चूक न मानण्याचे. ते सर्वस्वी माणसाच्या हातचे आहे आणि सर्वांत अधिक माणसे त्यानेच चिरडली आहेत. पहिल्या दोहोंसाठी शास्त्र आणि कौशल्य लागते. तिसऱ्यासाठी कायदा आणि प्रामाणिकपणा लागतो. ज्या यंत्राच्या शब्दावर माणसाला शिक्षा होऊ शकते किंवा त्याचा हक्क हिरावला जाऊ शकतो, त्या यंत्राची तपासणी त्याच्या मालकाव्यतिरिक्त दुसऱ्या कोणीतरी केली पाहिजे. बिघाडांची नोंद सरकारी कार्यालयाने जाहीर ठेवली पाहिजे. यंत्र ‘नाही’ म्हणत असताना ‘थांबा, पाहतो’ असे म्हणण्याचा अधिकार खिडकीतल्या माणसाला असला पाहिजे आणि प्रत्येक महत्त्वाच्या व्यवहाराची दुसरी नोंद नागरिकाच्या हाती राहिली पाहिजे. या मागण्यांसाठी नव्या शोधांची गरज नाही. थोडा खर्च येईल आणि थोडा वेळ जाईल, इतकेच.

आकाशातील रंग पाहून विस्मय वाटणे हे निरोगी मनाचे लक्षण आहे, आणि यंत्राविषयीही कौतुक जरूर असावे. परंतु १८५९ साली कुलाब्याला सुई वेडीवाकडी उडत असताना पाहणाऱ्याने ती खोटी ठरविली नाही आणि तिच्यावर आंधळा विश्वासही टाकला नाही. त्याने वेळ पाहिली, आकडा लिहिला आणि पाच मिनिटांनी पुन्हा पाहिले. संगणकाच्या पडद्यासमोर बसलेल्या आजच्या अधिकाऱ्याकडून समाजाची अपेक्षा याहून अधिक नाही.